शेवटच्या तीन ओळी

किशोरीच्या कवितेतल्या शेवटच्या तीन ओळी मी काढायला लावल्या, ही गोष्ट मी आजवर फक्त माझ्या बायकोला सांगितली आहे, आणि तिलाही पूर्ण सांगितलेली नाही. आता लिहितो आहे ते धाडस आलं म्हणून नव्हे. चार वर्षं झाली, तरी दर श्रावणात ती गोष्ट डोक्यात येते. लिहून काढली तर निदान नीट क्रमाने तरी येईल, एवढंच.

जुन्या पनवेलमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकं देणं-घेणं, कार्डांवर शिक्के मारणं, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावणं हे माझं काम. ते मला आवडायचं, कारण त्यात फारसं बोलावं लागत नसे. चार माणसांसमोर उभा राहिलो की माझा घसा कोरडा पडतो. निवृत्तीच्या समारंभात मी भाषण कागदावर लिहून नेलं होतं, ते दुसऱ्या परिच्छेदावर थांबवून खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरलो. मी गहिवरलो वगैरे नव्हतो, मला पुढचं वाचता येईना.

दोन हजार चौदा साली माझी पुतणी आभा एका संस्थेत काम करत होती. त्यांनी कर्नाळ्याच्या पुढे, गोवा रस्त्यावरून आत खाडीकडे गेलं की लागणाऱ्या एका गावातल्या शाळेत टीव्ही, कॅमेरा आणि इंटरनेट बसवून दिलं होतं. शहरातल्या माणसांनी घरी बसून तिथल्या मुलांना काहीतरी शिकवायचं. कुणी विज्ञान घेई, कुणी इंग्रजी. आभा मला म्हणाली, "काका, तुम्ही कविता घ्या. दर गुरुवारी अकरा ते बारा. कुठे जायचं नाही, कुणासमोर उभं राहायचं नाही."

सुकापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी बसू लागलो. पडद्यावर वर्ग दिसे. मुलं टपालाच्या तिकिटाएवढी. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत जायला तीनेक सेकंद लागत, त्यांचं माझ्यापर्यंत यायला तेवढेच. मी काही गमतीचं बोललो की आधी शांतता आणि मग एकदम हसू. समोर खरी माणसं नसली की मला बोलता येतं, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. मी हातवारे करून कविता वाचू लागलो. स्वयंपाकघरातून अरुंधती, माझी बायको, डोकावून बघायची आणि काही न बोलता परत जायची.

पहिल्याच दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, तुमचं हापिस कुठं हाय?"

ती किशोरी. मी निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. तसं सांगायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, "पनवेलला, तलावाजवळ."

"तिथं लोकं येतात?"

"पुष्कळ येतात. सकाळी दार उघडायच्या आधीपासून रांग असते."

हे वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल होतं. मी ते सांगितलं नाही. मुलांनी माझ्याकडे आदराने पाहिलं असं मला वाटलं आणि ते मला बरं वाटलं.

मी कविता वाचायचो, मुलं वहीत चार ओळी लिहायची, आणि तिथले शिक्षक शैलेश सर एकेक वही कॅमेऱ्यासमोर धरायचे. शैलेश सर सांगोल्याकडचे, जूनमध्येच बदलून आलेले, तिशीचे. मी मुलांना सारखं एक सांगत असे: कवितेत माहिती नको. माहिती धड्यात असते. कविता म्हणजे जे दिसत नाही ते. हे वाक्य मी कुठेतरी वाचलं असणार, माझं स्वतःचं नसावं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी किशोरीने ही कविता वाचली. ती माझ्याकडे त्या दिवशी उतरवून घेतलेली आहे.

आमच्या घरात खाडी येते
चप्पल न काढता येते
आजी म्हणते, ये बाई, पाटावर बस
खाडी बसत नाय
सरळ चुलीत जाते
उघाडीच्या उजव्या अंगाला बांधाला खांड हाय
बळीराम नानाच्या शेताच्या कोपऱ्यात
परवा एक हात होती, आज दोन हात

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. चौतीस वर्षं कवितांची पुस्तकं हाताळली, पण समोर, ताजी, अशी ओळ कधी ऐकली नव्हती. चप्पल न काढता येते. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणालो, "किशोरी, सुंदर. फार सुंदर. फक्त शेवटच्या तीन ओळी काढ."

तीन सेकंद गेले. "काढू?"

"हो. 'सरळ चुलीत जाते' इथे कविता संपली. पुढे माहिती सुरू होते. कुठला कोपरा, किती हात. आपण काय म्हणतो? कवितेत?"

"माहिती नको," वर्ग म्हणाला.

"मंग ती कुठं लिवायची?" किशोरीने विचारलं.

"भूगोलाच्या वहीत," मी म्हणालो. शांतता, आणि मग सगळा वर्ग हसला. किशोरी हसली की नाही ते एवढ्याशा चित्रात दिसलं नाही. शैलेश सर कॅमेऱ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, ते तिथं खरं म्हणजे..." मी हात वर करून म्हणालो, "असू दे सर, मुलीला कळलंय." आणि पुढच्या वहीकडे वळलो.

उघाडी म्हणजे काय, खांड म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. कोशांच्या कपाटाला टेकून आयुष्य काढलेला माणूस मी. कोश उघडून पाहायचंही मला सुचलं नाही. ओळी काढायच्याच होत्या, त्यातले शब्द कशाला बघायचे?

पुढच्या गुरुवारी तिने पाच ओळींची कविता वाचली. मी टाळ्या वाजवल्या आणि वर्गालाही वाजवायला सांगितल्या.

त्याच आठवड्यात रविवारी वाचनालयात श्रावणातलं काव्यवाचन होतं. मला दरवर्षी बोलावतात, मी दरवर्षी मागच्या रांगेत बसतो. त्या वर्षी मी कळवलं की मी वाचणार आहे. शनिवारी अरुंधतीला कविता वाचून दाखवली. ती शेंगा सोलत होती. ऐकून म्हणाली, "तुम्ही त्या मुलीला विचारलंत का, खरंच घरात पाणी येतं का म्हणून?"

"अगं, ती प्रतिमा आहे."

"बरं," ती म्हणाली.

रविवारी मी उभा राहिलो आणि वाचलं. पाचच ओळी असल्यामुळे घसा सुकायच्या आत संपल्या. साठ-सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक निवृत्त मुख्याध्यापक जवळ येऊन म्हणाले, "सातवीतली मुलगी? विश्वास बसत नाही. शेवट काय नेमका केलाय." मी म्हणालो, "शेवटावर थोडं काम केलं मी." हे वाक्य बोलताना मला जो आनंद झाला तो मला अजून आठवतो, म्हणूनच लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पिठोरी अमावास्या होती.

गुरुवारी मी लॅपटॉप उघडला तर वर्गात सातच मुलं होती. शैलेश सरांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती.

"सर, आज वर्ग होणार नाही," ते म्हणाले. "सोमवारी दुपारच्या भरतीला बांध गेला. निम्म्या गावाच्या भातात खारं पाणी आहे. खालच्या आळीत घरांत शिरलं. उद्या गणपती, सगळे धुण्यापुसण्यात आहेत."

"किशोरी?"

"तिचं घर अगदी बांधाला लागून आहे, सर. पहिलं तेच." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही वर कळवलं होतं ना? तिने सांगितलं होतं ते?"

मी काही बोललो नाही. त्यांना वाटलं असेल, आवाज पोचायला वेळ लागतोय. ते वाट बघत राहिले.

मी लॅपटॉप बंद केला, अरुंधतीला "जाऊन येतो" म्हणालो आणि निघालो. पेणच्या एसटीत बसलो. पळस्पे गेलं, कर्नाळा गेलं. पुढे एका फाट्यावर उतरून मिनीडोरमध्ये, म्हणजे तिकडच्या सहा आसनी रिक्षात, बसलो. त्या सबंध वाटेत मी काय बोलायचं ते मनात लिहीत होतो आणि खोडत होतो.

गावात शिरताना भातशेती लागली. ऑगस्टचं भात हिरवंगार हवं. ते शेंड्यांपासून तांबूस झालं होतं, गरम तव्यावर धरल्यासारखं. मिनीडोरवाला म्हणाला, "हे आता गेलं. खारं पानी शिरलं की दोन-तीन साल कायच होत नाय." त्यानेच मला सांगितलं की इथली शेती भरतीच्या पाण्याहून खाली आहे, बांध आहे म्हणून शेत आहे. बांधातलं पाणी सोडायचं दार म्हणजे उघाडी. बांध फुटून पडलेली वाट म्हणजे खांड. एवढं कळायला मला पाच मिनिटं लागली.

किशोरीच्या घराच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. आत तिची आजी गुणाबाई मातीची नवी चूल घालत होती. आजोबा काशिराम दारात गणपतीचा पाट घासत होते. मला बघून ते उठले आणि आत ओरडले, "अगं, पनवेलचे साहेब आले. खुर्ची दे."

"मी साहेब नाही," मी म्हणालो.

"ऱ्हाव दे. बसा."

प्लास्टिकची खुर्ची आली. मग किशोरी आली, हातात दुकानातली पाण्याची सीलबंद बाटली. विहिरीचं पाणी खारट झालं होतं. बाटली विकत आणावी लागली होती आणि ती माझ्यासाठी आणली होती. पडद्यावर ती केवढीशी दिसायची. प्रत्यक्षात उंच होती, जवळजवळ माझ्या खांद्याला लागेल एवढी.

"उशीर झाला तुमाला," काशिराम म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. "पुनवेला खांड गेली. मी बोल्लो, अर्ज देऊ. तर पोरगी बोल्ली, पनवेलच्या साहेबांना मी लिवून दिलाय. त्यांनी दोन वेला वाचून घेतलाय. खुश झाले बोल्ली. आमी बोल्लो चला, काम झाला."

"पण मधले दिवस... तुम्ही ती खांड बुजवली का नाही?" मी विचारलं. विचारल्यावर लक्षात आलं की ते दोष दिल्यासारखं झालं.

काशिरामांनी माझ्याकडे पाहिलं. "बुजवली तर तुमाला दाखवनार काय?"

मला कळलं नाही.

"मागं एकदा बुजवली व्हती. सगल्या आळीनं मिलून, चिखल घालून. मंग साहेब आले. बोल्ले, खांड कुठं हाय? कागद बंद केला न गेले. ह्या वेला मी सगल्यांना बोल्लो, कोनी हात लावायचा नाय. साहेब येऊन बघून जातील, मंग बुजवू. अकरा दिस ठेवली उघडी."

अकरा दिवस. त्यातला एक दिवस मी वाचनालयात उभा होतो.

मी सांगायला सुरुवात केली. माझं ऑफिस नाही, मी सरकारी माणूस नाही, मी ग्रंथपाल होतो. गुणाबाई चुलीवरून हात न काढता ऐकत होती.

"म्हंजे काय होता तुमी?"

"लोकांना वाचायला पुस्तकं देत होतो."

"अजून देता?"

"नाही. निवृत्त झालो."

"मंग टीवीत कशाला आले?"

शेजारची एक बाई दारात उभी होती, ती फस्सकन हसली. काशिराम म्हणाले, "गप गं. म्हातारा मानूस हाय." ते माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठेच असतील.

मी किशोरीकडे वळलो. वाटेत लिहिलेलं सगळं विसरलो होतो. "चूक माझी झाली. त्या तीन ओळी मी काढायला नको होत्या."

"त्या बऱ्या नव्हत्या ना?"

"चांगल्या होत्या."

"मग काढल्या कशाला?"

ती खरंच विचारत होती. तिलाच माझी दया आली असावी, कारण तीच पुढे म्हणाली, "मला वाटलं, तुमी वाचल्यात म्हंजे तुमाला कळलंय. काढ बोलले म्हंजे तुमी तुमच्या कागदावर घेतल्या, आता वहीत नको." मग म्हणाली, "भूगोलाच्या वहीत पन लिवल्या मी. तुमी बोलले म्हनून."

तिने ती वही आणून दाखवली. पाण्यात फुगलेली, उन्हात वाळवलेली. महाराष्ट्राच्या नद्यांच्या नकाशाखाली त्या ओळी होत्या. त्याखाली तिने रोज मोजून आकडे लिहिले होते. अडीच हात. तीन हात. साडेतीन. रविवारच्या आकड्यापुढे कंसात लिहिलं होतं, साहेब आले नाय.

मी पाणी प्यायलो नाही. बाटली तशीच खुर्चीखाली ठेवली, आणि उठताना ती लाथेने कलंडली, हेही आठवतं.

गणपती विसर्जन झाल्यावर मी त्या बांधांचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेलो. काशिरामांचा जुना अर्ज तिथे होता, वर तारखेचा शिक्का होता. मी माझा अर्ज लिहून नेला होता, त्यात किशोरीचे सगळे आकडे होते. पहिल्या दिवशी बाकावर दोन तास बसून मी कुणाशीही न बोलता परत आलो. टेबलापलीकडे खरा माणूस बसला होता, आणि तो ऐकत होता तेव्हाच ऐकत होता, तीन सेकंदांनी नव्हे. दुसऱ्या खेपेला अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला विचारलं, आणि माझा आवाज एवढा लहान निघाला की कारकुनाने कानामागे हात धरला. अरुंधती म्हणाली, "मी येऊ का?" मी नको म्हणालो. चौथ्या खेपेला तीच आली, न विचारता, आणि बाकावर माझ्या शेजारी बसून राहिली. त्या दिवशी मी नीट बोललो. फार नाही, पण बोललो.

ऑक्टोबरमध्ये एक ओव्हरसियर पाहणीला निघाले. म्हणाले, "तुम्हीही चला, जागा दाखवा." जीपमध्ये त्यांनी विचारलं, "तुमची जमीन आहे का तिथे?"

"नाही. मी तिथल्या मुलांना शिकवतो."

"काय शिकवता?"

"मराठी," मी म्हणालो. कविता हा शब्द तोंडातून निघाला नाही.

गावात जीप शिरली तेव्हा माणसं गोळा झाली. पुढच्या सीटवर ओव्हरसियर, मागे मी. मी उतरलो तेव्हा गुणाबाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "बघ. बोल्ली नव्हती मी? लाजतो, पन साहेबच हाय."

"नाय आजी," किशोरी म्हणाली. "ते कवितेचं सर हाय."

"गप. कवितेवाल्याला जीप देतात काय?"

सगळे हसले. काशिराम पुढे आले आणि त्यांनी मला हात जोडले. आधी मला, मग ओव्हरसियरना. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ओव्हरसियर माझ्याकडे बघत होते, घाईत होते. साहेब नाही म्हटलं तर मग मी कोण, हे त्यांना, गावाला, सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. मी मान हलवली आणि बांधाकडे चालू लागलो.

खांड आता बावीस हात झाली होती. किशोरी पुढे गेली, ओव्हरसियरना कोपरा दाखवला, कुठल्या दिवशी किती होती ते सांगितलं. ते लिहून घेत होते. एकदाही तिला थांब म्हणाले नाहीत, एकदा फक्त म्हणाले, "पंचवीसच्या आधीची तारीख पुन्हा सांग."

मी त्यांच्या मागे बांधावर उभा होतो. मातीत बूट रुतत होते. काम त्या वर्षी झालं नाही, पुढच्या मार्चमध्ये झालं. भात त्या वर्षीचं गेलं, पुढच्या वर्षीचंही. किशोरी गुरुवारी यायची, पण मागे बसायची आणि मी लिहा म्हणालो की फळ्यावरची तारीख लिहून वही मिटायची. मी तिला कधी का म्हणून विचारलं नाही. आठवी झाल्यावर ती पेणच्या शाळेत गेली, आणि वर्ग मीही सोडला. आभाला सांगितलं, डोळ्यांना पडदा सहन होत नाही.

पाहणीच्या त्या दिवशी परतताना जीप वळवायला जागा नव्हती, म्हणून थोडं चालावं लागलं. काशिराम माझ्या शेजारी होते. म्हणाले, "साहेब, एक इचारू? ती पोरीची कविता तुमी कुठं दिली का वर?"

मी रविवारचं काव्यवाचन त्यांना सांगितलं. किती माणसं होती, टाळ्या वाजल्या, हेही सांगितलं. लपवायला नको असं वाटलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे साठ-सत्तर मानसांना ठाऊक होता, आमच्या घरात पानी येतं म्हनून."

"हो," मी म्हणालो.

"पनवेलला?"

"हो."

जीपचं दार त्यांनीच उघडून धरलं, आणि मी आत बसेपर्यंत धरून ठेवलं.